सुप्रियाची भट्टी

आमच्या मागच्या अंगणात लोखंड तापवायची जी गॅसची भट्टी होती, ती माझ्या सुनेनं बांधली. एकटीनं बांधली. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या नातेवाइकांत या भट्टीच्या वेगवेगळ्या कहाण्या फिरताहेत आणि त्या ऐकल्या की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी सुमन. सत्तरीला टेकले, गुडघे गेले, पण जीभ शाबूत आहे. ज्यांना ती सोसत नाही त्यांनी पुढे वाचू नये.

हैदराबादेत, कोठी भागातल्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. ह्यांचे, म्हणजे माझे यजमान मुकुंदराव यांचे आजोबा निजामाच्या काळात कचेरीत होते, वडील वकील होते, आणि हे स्वतः सरकारी नोकरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. ‘आपल्या घराण्यात’ हे दोन शब्द ह्यांच्या तोंडात सुपारीसारखे कायम असतात. आपल्या घराण्यात कोणी दुकान काढलं नाही, आपल्या घराण्यात कोणी हातानं काम केलं नाही. भिंतीत खिळा ठोकायचा असला तरी आमच्याकडे माणूस बोलावतात. तो येईपर्यंत फोटो पलंगाखाली पडून राहतो. एका फोटोतले आजोबा पलंगाखालीच वर्षभर होते.

सुप्रिया सिकंदराबादची. तिचे वडील रेल्वेच्या कारखान्यात लोहारकाम करायचे. ती आणि माझा मुलगा प्रशांत माधापूरला एकाच कंपनीत होते, तिथंच त्यांचं जमलं. ह्यांनी लग्नाला नाही म्हटलं नाही, एवढं खरं. पण कोणी विचारलं की सांगतात, “व्याही रेल्वेत होते.” रेल्वेत काय होते ते कधी सांगत नाहीत. एकदा एका बारशाला कोणीतरी खोदून विचारलं, तेव्हा हे म्हणाले, “टेक्निकल साइडला होते.” सुप्रिया शेजारीच उभी होती. ती म्हणाली, “लोहार होते, काका. घण मारायचे.” आणि पेढा खाऊ लागली. ह्यांनी आपला पेढा ताटात परत ठेवला. मला मात्र ती पोरगी त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून आवडली.

दिसायला ठेंगणी, मनगटं रुंद, केस कायम वर गुंडाळलेले आणि त्यात एखादी पेन्सिल खोचलेली. कंपनीत दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करते. हसते खूप. रागावली की मात्र गप्प होते. मी रागावले की चार घरं ऐकतात आणि तासाभरात सगळं विसरते. तिचं गप्प होणं मला जास्त धडकी भरवतं.

भट्टीचं खूळ निघालं ते माझ्या विळीवरून. मी जन्मभर पाट मांडून, विळीवर पाय ठेवून भाजी चिरली. गुडघे गेल्यावर डॉक्टरांनी खाली बसायचं नाही म्हणून सांगितलं. चाकूनं मला चिरता येत नाही. माझी कोथिंबीर चिरली जात नाही, चेचली जाते. त्या दिवसांत मी ओट्यापाशी उभी राहून चाकूला आणि डॉक्टरांना शिव्या घालत असे. हे पुढच्या खोलीतून म्हणायचे, “इतकं परेशान होण्यासारखं काय आहे? भाजी बाईकडून चिरून घे.” सुप्रियानं तसं काही म्हटलं नाही. बेगम बाजारात जाऊन ओट्याला अडकवायची तयार विळी घेऊन आली. पातळ पत्र्याची होती, भोपळ्यावर जोर दिला की वाकायची. सुप्रिया ती हातात घेऊन उलटसुलट बघत राहिली आणि म्हणाली, “आई, हे पातंच नाही. पातं मी करते.”

मी हसले. तिच्या वडिलांनी तर साफ नकार दिला. फोनवर म्हणाले, “त्या धगीतून तू बाहेर पडावीस म्हणून मी तुला शिकवलं. आता स्वतःहून आत शिरतेस?” गल्लीत कोळशाचा धूर चालणार नव्हता, म्हणून तिनं गॅसची भट्टी बांधायची ठरवली. कुठून कुठून वाचायची, व्हिडिओ बघायची, कागदावर आकृत्या काढायची. एका गुरुवारी जुमेरात बाजारातून जुन्या कॉम्प्रेसरची लोखंडी टाकी घेऊन आली. ढोलकीएवढी. राणीगंजहून पाइप, पितळी सांधे, दाब कमीजास्त करायचा रेग्युलेटर, कारखान्यांत वापरतात ती जाड नळी आणली. धंद्याचा मोठा सिलिंडर रीतसर स्वतःच्या नावावर घेतला, कारण स्वयंपाकाचा वापरायचा नाही म्हणाली. ऑटोतून ओझी उतरवताना प्रशांत वर कानाला हेडफोन लावून बसलेला असायचा. त्यानं एक वीटसुद्धा उचलली नाही, आणि हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

टाकीचं एक तोंड तिनं कापून घेतलं. आतून पांढऱ्या लोकरीसारखं एक जाड अस्तर लावलं. ते आगीला दाद देत नाही, पण त्याची बारीक कुसळं फुप्फुसात गेली तर वाईट, म्हणून तोंडाला मास्क लावून काम केलं आणि मला अंगणात फिरकू दिलं नाही. त्या लोकरीवर भट्टीच्या मातीचा गिलावा चढवला, तळाला विटा बसवल्या आणि सगळं सावकाश वाळू दिलं. मला वाटलं होतं पुढं भाता असेल, नाही तर पंखा. दोन्ही नाही. एक लोखंडी पाइप, त्याला बाहेरच्या बाजूनं कर्ण्यासारखं पसरट तोंड, आणि त्या तोंडात मधोमध एक पितळी तोटी. तोटीला सुईएवढं भोक. त्या भोकातून गॅस इतक्या जोरात सुटतो की कर्ण्यातून बाहेरची हवा आपोआप आत ओढली जाते, पाइपात दोन्ही मिसळतात आणि भट्टीत जाऊन पेटतात.

“आई, सगळा खेळ या भोकाचा आहे,” ती म्हणायची. “हे स्वच्छ असलं तर भट्टी शहाणी. यात कण अडकला तर गॅसचा जोर मोडतो, आणि मग जाळ उलटा पाइपात शिरतो.”

पहिल्यांदा पेटवली तेव्हा मऊ पिवळा जाळ आला आणि विझला. मग तिनं तोटी बदलली, पुन्हा बदलली, पाइप कापून आखूड केला. ऑफिसातून यायची, चहा प्यायची आणि अंगणात. ह्यांनी मागच्या खिडक्या बंद करून घेतल्या होत्या. “घर आहे का कारखाना? आपल्या घराण्यात...” एवढं ऐकू आलं की मी मिक्सर लावत असे. आणि एका संध्याकाळी ती भट्टी घरघरायला लागली, निळा जाळ आत गरगर फिरू लागला, आणि त्यात घातलेला लोखंडाचा तुकडा नारिंगी झाला. सुप्रिया नाचली. मीही गुडघे विसरून उभी राहिले. त्याच आठवड्यात तिचे वडील रुळाचा एक तुकडा ऑटोत घालून घेऊन आले. “ऐरण म्हणून चालेल,” एवढंच बोलले, भट्टीत वाकून पाहिलं, गिलाव्यावरून बोट फिरवलं आणि चहा न घेता गेले. नंतर दोन दिवस ती त्या बोट फिरवण्याबद्दलच बोलत होती.

ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा तापवून, ठोकून, पुन्हा तापवून तिनं माझं पातं घडवलं. त्याला जुन्या विळीसारखा बाक दिला, तेलात बुडवून कडक केलं, धार लावली आणि ओट्याला घट्ट बसेल असा लोखंडी पाय जोडला. मी उभ्याउभ्या त्यावर कोथिंबीर चिरली. नुसती फिरवली की चिरत होती. माझे डोळे भरून आले, आणि कोथिंबिरीनं कोणाचे डोळे भरत नाहीत, त्यामुळे लपवायलाही काही नव्हतं.

मी विळीचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: सुप्रियानं केलेली विळी. सगळीकडून वाहवा आली. पुण्याहून माझे दीर गौतम यांचा ह्यांना फोन आला. आणि हे, ज्यांनी खिडक्या बंद करून घेतल्या होत्या ते हे, आरामखुर्चीत रेलून म्हणाले, “हौ हौ, प्रशांतनं भट्टी बांधलीय मागं. त्याला पहिल्यापासून यंत्रांची आवड.”

“सुप्रियानं बांधलीय,” मी तिथूनच मोठ्यानं म्हटलं.

ह्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

त्या दिवसापासून ती प्रशांतची भट्टी झाली. येईल त्याला हे मागच्या अंगणात नेऊन दाखवू लागले. प्रशांतची पाठ थोपटली जायची तेव्हा तो कानकोंडं हसून म्हणायचा, “नाही नाही, आम्ही दोघांनी मिळून केलंय.” दोघांनी मिळून! मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटायची. खोटं बोलायचं तर धडधडीत बोलावं. हे अर्धं खोटं बोलून वर नम्रपणाचं श्रेयही घ्यायचं, हे कुठून शिकला कोण जाणे. कुठून शिकला ते माहीत आहे म्हणा.

मी सुप्रियाला म्हटलं, “तू का गं ऐकून घेतेस?” ती म्हणाली, “आई, भट्टीला माहीत आहे ना कोणी बांधली ते. जाऊ दे.” मला काही जाऊ देता येत नाही. तो स्वभाव माझा नाही.

दसऱ्याला गौतमभावजी आणि त्यांची बायको शिल्पा पुण्याहून यायचे होते. आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची, अवजारांची पूजा असते: कात्री, शिवणयंत्र, स्कूटर, ह्यांचं पेन. पूजेत ठेवलेल्या वस्तूला मग दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. यंदा ह्यांनी आपणहून भट्टीचीही पूजा करायची म्हटलं. सुप्रिया म्हणाली, “मी करते. कुठं लावायचं, कुठं नाही ते मला माहीत आहे.” हे म्हणाले, “आपल्या घराण्यात खंडेनवमीची पूजा पुरुष करतात.” मग प्रशांतनं केली. हळदीकुंकू पाण्यात कालवून बोटांनी टाकीला लावलं, सिलिंडरला लावलं, पाइपला लावलं. आणि कर्ण्याच्या मधोमध ती पितळी तोटी चमकत होती, तर तिलाही चांगलं दाबून लावलं. वर झेंडूचा हार घातला. मी स्वयंपाकघरात होते. सुप्रिया अंगणाच्या दारात उभी होती. तिला वाटलं, उद्या पेटवायच्या आधी पुसून घेऊ.

दसऱ्याला पाहुणे आले. जम्मीची, म्हणजे शमीची पानं वाटून झाली, एकमेकांच्या पाया पडून झालं, श्रीखंड-पुरीचं जेवण झालं. हे उठले आणि म्हणाले, “चला, प्रशांतची भट्टी दाखवतो. प्रशांत, पेटव.” मी आत उरलेलं श्रीखंड डब्यात भरत होते, त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण मला ते दोघींनी सांगितलं, सुप्रियानं आणि शिल्पानं, वेगवेगळं, आणि दोघींचं अक्षर न् अक्षर जुळलं.

सुप्रिया म्हणाली, “थांबा, मला आधी बर्नर पुसू दे. तोटीला कुंकू लागलंय.”

हे म्हणाले, “पूजेचं कुंकू पुसायचं नाही. सुवासिनीनं तर नाहीच नाही. संध्याकाळपर्यंत राहू दे.”

“मग संध्याकाळी पेटवू, बाबा.”

“गौतमची संध्याकाळची गाडी आहे.”

ती प्रशांतकडे वळली. “प्रशांत, तू पूस. तू सुवासिनी नाहीस. सुई घालून भोक तेवढं मोकळं कर.”

शिल्पा म्हणते, ती हे हसत म्हणाली होती. प्रशांतनं वडिलांकडे पाहिलं आणि म्हणाला, “अगं, एवढंसं तर लागलंय. काही होत नाही. सणाच्या दिवशी बाबांना कशाला नाराज करतेस?”

आता कुंकवाचं बोलायचं तर मी याच घरात आयुष्यभर शिवणयंत्रावरचं, कपाटावरचं, पाट्यावरचं कुंकू दर वर्षी दिवाळीच्या साफसफाईत ओल्या फडक्यानं पुसत आले आहे. माझं सौभाग्य पुढच्या खोलीत पेपर वाचत बसलेलं आहे, त्याला काही झालेलं नाही. पण पाहुण्यांसमोर ह्यांना शास्त्र आठवलं.

प्रशांतनं सिलिंडर उघडला, रेग्युलेटर फिरवला, काडी लावली. भट्टी घरघरली नाही. नुसती फुसफुसली. गॅस कमी पडतोय असं वाटून त्यानं आणखी फिरवला. मला आत फट् फट् असे आवाज ऐकू आले आणि मग शिल्पाची किंकाळी. जाळ भट्टीत राहायचा सोडून पाइपातून मागं आला, कर्ण्यातून बाहेर पडला आणि झेंडूच्या हाराला लागला. प्रशांत दोन्ही हात वर करून मागं सरला. भावजी जिन्यापर्यंत पळाले. हे दारात. सुप्रिया तेवढी पुढं झाली आणि त्या जाळाच्या शेजारून हात घालून तिनं सिलिंडर बंद केला.

मी बाहेर आले तेव्हा ती नळाखाली हात धरून बसली होती. उजवा हात, मनगटापासून कोपरापर्यंत. कातडी पांढुरकी पडून सुटली होती. ती रडत नव्हती, दात दाबून “पाणी चालू ठेवा, पाणी चालू ठेवा” एवढंच म्हणत होती. माझ्या हाताचं श्रीखंड तिच्या केसांना लागलं, ते मला दवाखान्यात दिसलं.

कोठीतल्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, कसं झालं? आणि ह्यांनी, तिच्या समोर, तिचा हात टेबलावर उघडा पडलेला असताना, सांगितलं, “सूनबाईंनी घरी काहीतरी भट्टी केलीय. सांगून ऐकत नाहीत.”

दुपारी जेवल्यावर ती प्रशांतची भट्टी होती. जाळ उलटल्यावर सुप्रियाची झाली. सिलिंडर बंद व्हायच्या आत मालक बदलला. प्रशांत तिथंच, डॉक्टरांच्या खोलीत भिंतीला टेकून उभा होता. मी म्हटलं, “पेटवली कोणी ते सांग ना डॉक्टरांना.” तो म्हणाला, “आई, इथं नको.” सुप्रियानं त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि मग ती गप्प झाली.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. फोनवर फोन येत होते आणि हे प्रत्येकाला तेच ऐकवत होते. सूनबाईंचा हलगर्जीपणा. बाईमाणसानं आगीशी खेळू नये. थोडक्यात निभावलं. मी मधे तोंड घातलं की हे फोन घेऊन गच्चीवर जायचे. शिल्पानं एकदा खरं सांगायचा प्रयत्न केला, तर भावजींनीच तिला गप्प केलं म्हणे. जिन्यापर्यंत कोण पळालं हेही त्यात निघालं असतं ना.

एका सकाळी सुप्रियानं मला अंगणात बोलावलं. डाव्या हातानं तिनं तोटी काढली होती. सुई घातली आणि भोकातून वाळलेलं कुंकू निघालं, लाल, घट्ट. “बघा,” ती म्हणाली. मी म्हटलं, “आत चल, ह्यांच्या पुढ्यात आपट.” ती म्हणाली, “मी दाखवून काय होणार, आई? मी तर आधीच सांगितलं होतं. ज्यानं लावलं त्यानं बोलायला पाहिजे.” तिनं फुंकर मारून भोक साफ केलं आणि तोटी परत बसवली.

प्रशांत बोलला. पण कुठं? त्यांच्या खोलीत. मी दूध घेऊन गेले होते, दार अर्धं उघडं होतं. तो तिच्या हाताला मलम लावत होता. “चूक माझीच होती गं,” तो म्हणाला. “मीच लावलं होतं कुंकू. सॉरी.”

“मला कशाला सांगतोस?” सुप्रिया म्हणाली. “मी तिथंच होते. बाबांना सांग. काकांना सांग. ज्यांना ज्यांना बाबांनी फोन केलाय त्यांना सांग.”

“आता मिटलंय सगळं. परत कशाला उकरून काढायचं?”

तिनं त्याच्या हातातून हात काढून घेतला, मलमाची ट्यूब दातांत धरली आणि डाव्या हातानं स्वतः लावू लागली. मी दूध दारात ठेवून खाली आले. पोटच्या पोराची इतकी चीड मला कधी आली नव्हती. बापाचा राग येतो, पण बापाला मी ओळखून आहे. याला मी वाढवला होता.

मग ह्यांनी भट्टी भंगारात द्यायचं ठरवलं. प्रशांत ऑफिसला गेल्यावर भंगारवाल्याला बोलावलं. तो ट्रॉलीची रिक्षा घेऊन आला, अंगणात शिरला, टाकीवर टिचकी मारून म्हणाला, “अम्मा, ये तो चालू माल दिखरा. कायकू निकालरे?”

“निकालरे नै,” मी म्हटलं. “जाओ तुम.”

“सुमन, मधे पडू नकोस,” हे म्हणाले. “घरात पुन्हा आग नको. भंगारात जाऊ दे ते धूड.”

मी प्रशांतला फोन लावला. म्हटलं, “तुझे बाबा भट्टी विकताहेत. आत्ताच्या आत्ता त्यांना सांग काय झालं होतं ते. फोन त्यांच्या कानाला लावते.”

“आई, मीटिंग चालू आहे. संध्याकाळी आपण सगळे बसून शांतपणे बोलू.”

शांतपणे! तिचा हात जळला, तिचं नाव जळलं, आणि हा संध्याकाळी शांतपणे बोलणार. मी फोन ठेवला आणि मागं वळले, तर सुप्रिया जिना उतरून आली होती. हात गळ्यात बांधलेला, डाव्या खांद्याला बॅग. तिला सगळं ऐकू गेलं होतं. ती ह्यांच्याशी बोलली नाही, भंगारवाल्याशी बोलली.

“भैया, ट्रॉली खाली है ना? सिकंदराबाद छोडते?”

“छोडतुं दीदी. सामान कित्ता है?”

“ये सब.”

त्यानं आणि मी मिळून भट्टी चढवली. हे पायरीवर उभे राहून बघत होते. टाकी, विटा, पाइप, नळी, वडिलांनी दिलेला रुळाचा तुकडा. सिलिंडर तिनं उभा बांधून घेतला आणि त्याचा व्हॉल्व्ह स्वतः तपासला. मी तिला विचारलं, “परत कधी येशील?”

“प्रशांत बोलला की,” ती म्हणाली. “त्याला माहीत आहे काय बोलायचं ते.” मला वाकून नमस्कार केला आणि भंगारवाल्याच्या शेजारी बसून गेली. तिच्या वडिलांचा दुपारी फोन आला. म्हणाले, “पोचली. सामान अंगणात लावतोय. तुम्ही काळजी करू नका, विहीणबाई.” त्या माणसानं कोणाची चूक होती ते विचारलंसुद्धा नाही.

संध्याकाळी प्रशांत आला. वर गेला, खाली आला. “सुप्रिया कुठंय?”

मी सांगितलं. त्यानं बाइकची किल्ली उचलली. “मी आणतो तिला.” मी दारात उभी राहिले. म्हटलं, “तिकडे जाऊन काय सांगणार? पुन्हा सॉरी? ती बायको आहे तुझी, तिला तुझं सॉरी पाठ झालंय. बाबा पुढच्या खोलीत बसलेत. आधी तिकडे.”

तिशी उलटलेला माणूस. किल्ली या हातातून त्या हातात करत उभा राहिला. मग गेला, आणि मी मागोमाग जाऊन खुर्चीत बसले.

“बाबा,” तो म्हणाला, “तोटीला कुंकू मी लावलं होतं. सुप्रिया पुसायला सांगत होती, मी ऐकलं नाही. ती भट्टी तिनं बांधलीय, एकटीनं. माझा त्यात काही हात नाही. आणि जाळ आला तेव्हा मी मागं पळालो. तिची काही चूक नव्हती.”

बोलला एकदाचा. सगळं बोलला. क्षणभर माझा राग ओसरला, मला वाटलं, निघाला बाबा माझा मुलगा माणसासारखा.

ह्यांनी पेपरची घडी घातली. “मला माहीत आहे,” हे म्हणाले.

“काय माहीत आहे?”

“सगळं. मी तिथंच होतो ना. तू कुंकू लावलंस ते पाहिलं, ती काय म्हणाली तेही ऐकलं.”

“मग तुम्ही सगळ्यांना असं का सांगितलं?”

“मग काय सांगू?” ह्यांचा आवाज चढलासुद्धा नाही. “माझ्या मुलानं बायकोच्या जिवावर फुशारकी मारली आणि वेळ आली तेव्हा हात वर करून पळाला, असं सांगू? का आमच्या घरात पूजेमुळे स्फोट झाला असं सांगू? कोणावर तरी घ्यावंच लागतं. आपण घरातली माणसं. ती बाहेरून आलेली आहे, तिच्या माहेरी जन्मभर आगीचंच काम होतं. तिला काय फरक पडतो?”

प्रशांतनं माझ्याकडे पाहिलं. मी ह्यांच्याकडे पाहत होते. या घरात मी आले तेव्हा प्रशांत जन्मायचा होता. ह्यांच्या आईचं दुखणं मी काढलं, वडिलांना शेवटचं पाणी मी पाजलं, ‘आपल्या घराण्यात’ हे ऐकत ऐकत म्हातारी झाले. बाहेरून आलेली. एवढी वर्षं हे माझ्याबद्दलही मनात हेच धरून होते, फक्त माझ्यावर टाकायला ह्यांना काही सापडलं नव्हतं.

हे चष्मा पुसू लागले. विषय संपला की हे चष्मा पुसतात. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, “सुमन, चहा टाकतेस ना?”

मी खुर्चीतून उठले नाही. म्हटलं, “घरातल्या माणसांनी टाकावा. मी बाहेरून आलेली आहे.”